कापडी फुलांचं कडं: पहिल्यांदा करताना

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, दारावर लावायला कापडी फुलांचं हे गोल कडं करतेयस, तर छानच. फक्त गुलाबापासून सुरुवात करू नकोस. आधी पाच पाकळ्यांचं साधं फूल हातात बसू दे. ७ सेंमी व्यासाचं गोल कापायचं, दोनदा दुमडून चतकोर करायचं, गोल कडेला धावदोरा घालून चुण्या ओढायच्या, की झाली पाकळी. दोरा न तोडता त्यातच पुढच्या पाकळ्या ओवायच्या, शेवटची पहिलीला जोडून गाठ मारायची. मध्ये जुन्या सदऱ्याचं बटण.

कापड पातळ सुतीच घे. सॅटिन दिसतं झकास, पण धागे सुटतात आणि नवख्या हाताला रडवतं. कुणबी साडीच्या तांबड्या चौकड्याचा तुकडा असेल तर काय विचारता!

नवीन माणसं हमखास चुकतात ते इथे:
- फुलांना खळ लावतात. आपल्या पावसात ती मऊ पडते, वर बुरशी.
- सगळं ग्लू गननं चिकटवतात. उन्हाच्या दारावर तो गोंद सैल होतो. कड्याला आधी कापडी पट्टी गुंडाळ, म्हणजे फुलं टाचता येतील.
- न मांडताच टाचायला घेतात. मोठी फुलं आधी मांडून बघ.

कडं २५ सेंमी व्यासाचं पुरे. पानं, मणी वगैरे पुढच्या खेपेला सांगेन.