कादंबरीसाठी एल्फ (परीकथांतले दीर्घायुषी) लोकांचं शहर बनवतोय, खरं कसं वाटेल?

भाऊ, चकचकीत मनोरे अन् चमकणारी झाडं सगळेच दाखवायलेत, तुम्ही आधी पाणी कुठून येतंय ते ठरवा. आपल्या संभाजीनगरात निजामशाहीचा वजीर मलिक अंबरनं 17व्या शतकात जमिनीखालून पाण्याची नहर आणली, तसं काहीतरी. अन् घरं बांधूच नका, कोरा! वेरूळचं कैलास लेणं वरून खाली कोरत आणलंय, म्हणजे शिखर आधी अन् पाया शेवटी, परांचीची कटकटच नाही. तुमचे एल्फ हजार वर्षं जगत असतील तर एकच कारागीर पोरवयात कळस कोरंल अन् म्हातारपणी खालचे हत्ती, लई भारी पात्र होईल ते. तटबंदीसाठी देवगिरी किल्ल्यातली अंधारी, म्हणजे काळोखी भुयारी वाट, बघून या, आत शिरलेल्याला स्वतःचा हात दिसत नाही. नावं मात्र तोंडात बसतील अशी ठेवा राव.