पंपाचा स्क्रू फिरवण्याआधी

भाऊ, ६बीटी (कमिन्सचं सहा सिलिंडरचं टर्बो डिझेल इंजिन) असलेली जुनी गाडी घाटात दम टाकते म्हणून लगेच पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवू नका. आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासा, डिझेल फवारणारे नोझल टेस्टिंगला द्या, डिझेल पंप कॅलिब्रेट करून घ्या, टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) ते इंटेकपर्यंतचे होजपाईप हाताने चाचपून बघा. चिरलेल्या होजमधून बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा दाब, गळतो आणि दोष बिचाऱ्या इंजिनला लागतो. पुष्कळ गाड्यांची हरवलेली ताकद एवढ्यावरच परत येते.

तरीही कमी पडली, तर हवा आधी, डिझेल नंतर. टर्बो हवा दाबतो तेव्हा ती तापते, तापलेली हवा विरळ होते. इंटरकूलर तिला थंड करतो, म्हणून त्याच सिलिंडरमध्ये जास्त ऑक्सिजन मावतो. हवेपेक्षा डिझेल जास्त झालं की काळा धूर निघतो आणि चढावर एक्झॉस्टचं तापमान भराभर चढतं. एक्झॉस्टच्या वाटेवर, टर्बोच्या अलीकडे, पायरोमीटर (हे तापमान दाखवणारं मीटर) बसवाच. काटा बराच वेळ ७०० अंश सेल्सिअसच्या आसपास राहिला, तर पिस्टन वितळायची वेळ आली समजा. ड्रायव्हरला गिअर उतरवायला सांगा. पायरोमीटरचा खर्च टाळू नका, माझी कळकळीची विनंती आहे.

टर्बो नसलेल्या इंजिनावर नुसता टर्बो चढवणं मला पटत नाही. त्याचे पिस्टन, हेड गॅस्केट, ऑइल कूलिंग त्या दाबासाठी केलेलं नसतं.

वाढलेला टॉर्क क्लचप्लेट, गिअरबॉक्स, डिफरन्शियललाही झेलावा लागतो. ब्रेक मात्र तेवढेच राहतात, त्यामुळे उतारासाठी एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनाकरवी गाडी आवरणारा) नीट चालतोय ना, ते बघा. आणि इंजिनच बदलणार असाल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी आधी घ्या.