सही करू नको

पोरी,

काल बसस्टँडवर तुझं तोंड पाहिलं आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. फारकतीचा तुझा विचार पक्का आहे, त्यावर मी बोलत नाही. बोलते आहे ते बाबांनी बक्षीसपत्रानं तुला दिलेल्या दोन एकर वावराबद्दल. दादा म्हणतो, केस लागायच्या आधी माझ्या नावावर कर, नाहीतर नवरा अर्धं मागेल. निकाल लागला की परत देतो.

सही करू नको.

अर्धं त्याला देतं कोण? 1956 च्या हिंदू वारसा कायद्याचं कलम 14 वाच. बापानं विनाअट दिलेलं वावर पूर्णपणे तुझं. विवाह कायद्यात कोर्ट वाटणी पाहतं ती लग्नात मिळालेल्या, दोघांच्या सामाईक चीजवस्तूंची. पोटगी मात्र नवराही मागू शकतो, आणि सुप्रीम कोर्टाच्या 2020 च्या निकालापासून त्यासाठी दोघांना सगळी मिळकत शपथेवर लिहून द्यावी लागते. तिथं हे वावर परवाच भावाच्या नावावर गेल्याचं निघालं, तर खरी असून तू खोटी ठरशील.

आणि तू दादाला करून दिलेल्या बक्षीसपत्राची रजिस्ट्री झाली की मन बदललं म्हणून ते रद्द होत नाही. 200 रुपयांच्या मुद्रांकात काम होतं म्हणे! ती सवलत नवरा-बायको, मुलं, नातवंडांना, भावाला नाही. एवढंही त्यानं विचारलेलं नाही.

मी 1996 साली माझ्या भावाला, अण्णाला, सही करून दिली. तीन एकर, विहिरीसकट. शिकलेल्या बाईला कळायला नको होतं का, असं लोक आजही म्हणतात. पण पदरात लेकरू होतं आणि यवतमाळला प्रत्येक तारखेला सोबत येणारा एकटा अण्णाच होता. तो लबाड नव्हता, हे मी कुणालाही सांगेन. तो अचानक गेला. फेरफार होऊन भाच्यांची नावं चढली. त्यांना सातबारा दिसत होता, आम्हा बहीणभावातला शब्द कुठून दिसणार? दोन वर्षांत वावर विकलं. पोळ्याला त्या बाजूनं बैल येतात तेव्हा मी दार लोटून घेते.

तुझा दादाही लबाड नाही, म्हणूनच पुन्हा सांगते, सही करू नको. वावर त्याला मक्त्यानं दे, तूर-सोयाबीनचा पैसाही त्यालाच राहू दे. नाव तुझंच ठेव. माहेर तुटेल म्हणतेस? मी सही केली, तरी माझं तुटलंच.

सोमवारी तो तुला रजिस्ट्री ऑफिसात नेणार आहे. रविवारी माझ्याकडे ये. आधार कार्ड आणि मूळ बक्षीसपत्र घेऊन ये, माझ्या कपाटात राहील. त्यानं विचारलं तर बाईंनी ठेवून घेतलं म्हणून सांग. राग माझ्यावर काढू दे.

तुझ्या बाई