मालक लपला, शिक्षा कोणाला?

अमळनेर

प्रिय भाऊ,

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला. बीजीएमआय या मोबाइलवरच्या लढाईच्या गेमच्या लीगने तुमची टीम हंगामाच्या मध्यातच बाहेर काढली, कारण तुमच्या मालकाची आणखी एक टीम दुसऱ्या नावाने त्याच लीगमध्ये खेळत होती. बक्षिसाचे पैसे अडकले आणि तुम्हा चौघांची नोंदणीही पुढच्या हंगामापर्यंत थांबली. सगळं सांगून झाल्यावर तू विचारलंस, "काका, आमनी काय चुकी शे?"

हे तू मला वकील म्हणून विचारलंस की कबड्डीच्या तक्रार समितीत बसणारा म्हातारा म्हणून, ते कळलं नाही. दोन्ही नात्यांनी लिहितो.

आधी नियमाचं बोलू, कारण तू त्यालाच शिव्या घातल्या आहेस. एका मालकाची एका लीगमध्ये एकच टीम, हा नियम मला मान्य आहे. आपल्याकडे गावोगावच्या कबड्डी स्पर्धांत दोन संघांच्या बनियनवर एकाच पुढाऱ्याचा फोटो असतो. उपांत्य फेरीत ते समोरासमोर आले की कोण जिंकणार हे बाहेरच्या चहावाल्यालाही ठाऊक असतं. तुमच्या बीजीएमआयमध्ये तर हे आणखी सोपं. एका सामन्यात १६ टीम, ६४ खेळाडू, आणि शेवटपर्यंत टिकेल ती टीम जिंकते. दोन टीम एकाच खिशातून चालत असतील तर त्यांना मुद्दाम हरण्याचीही गरज नाही. सुरुवातीला एकमेकांच्या अंगावर जायचं नाही, एवढं ठरलं तरी पुरे. बाकीच्या चौदा टीम आपसात मरतात आणि या दोघी निवांत लूट गोळा करतात. नंतर कितीही रिप्ले पाहिले तरी ते डावपेच होते की संगनमत, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. म्हणून असे नियम थेट मालकीलाच हात घालतात. तू म्हणतोस, आम्ही कधी तसं खेळलो नाही. नसालही. पण समोरच्या चौदा टीमनी ते कशावरून मानायचं?

आता शिक्षेकडे येतो. २०१६ साली उत्तर अमेरिकेतल्या लीग ऑफ लेजंड्स या व्हिडिओ गेमच्या स्पर्धेत रेनेगेड्स नावाची टीम होती. दुसऱ्या टीमशी करार असलेल्या खेळाडूंशी परस्पर बोलणी केली म्हणून तिच्या एका सहमालकावर आदल्या वर्षीच बंदी आली होती. ८ मे २०१६ रोजी तो गेम बनवणाऱ्या रायट गेम्स या कंपनीने निकाल दिला. बंदी संपली की निम्मी मालकी त्याला मिळेल असा छुपा करार झाला आहे, असं त्यात म्हटलं होतं. सातबाऱ्यावर नाव एकाचं आणि साठेखत दुसऱ्याच्या कपाटात, त्यातलाच प्रकार. शिवाय टीम ड्रॅगन नाइट्स या दुसऱ्या टीमशी असलेले संबंध लपवून खेळाडूंची अदलाबदल केल्याचा ठपका होता, आणि खेळाडूंच्या सुरक्षिततेबद्दलही. दोन्ही संस्थांना बाहेरचा रस्ता दाखवला. स्पर्धेतली जागा विकायला मुदत मिळाली १८ मेपर्यंत, म्हणजे दहा दिवस! रेनेगेड्सची जागा टीम एनव्हीअसने घेतली. दुसरा सहमालक, प्रसिद्ध समालोचक मॉन्टेक्रिस्टो, याने आरोप जाहीरपणे फेटाळले. रायटने निकाल प्रसिद्ध केला, पण त्यामागचे पुरावे लोकांसमोर ठेवले नाहीत.

छुपा करार खरोखर झाला असेल तर शिक्षा योग्यच होती, असं मी म्हणेन. माझा आक्षेप वेगळा आहे. खेळ रायटचा, लीग रायटची, नियम, चौकशी आणि निकालही रायटचाच. कबड्डी कोणाच्या बापाची नाही. एका संघटनेने काढलं तर दुसरीकडे मैदान आखता येतं. व्हिडिओ गेम मात्र कंपनीच्या मालकीचा असतो, त्यामुळे तिने दार लावलं की गावच संपलं. जिच्या हातात एवढी सत्ता आहे तिने पुरावा दाखवायला हवा, समोरच्याचं ऐकायला हवं आणि बाहेरच्या पंचाकडे दाद मागायची सोय ठेवायला हवी.

ती सोय असली की काय होतं ते आपण आयपीएलमध्ये पाहिलं आहे. मालकी आणि भागधारणेच्या बदलांवरून बीसीसीआयने २०१० साली पंजाब आणि राजस्थान या दोन्ही टीमना काढून टाकलं. प्रकरण कोर्टात गेलं आणि २०११ च्या हंगामात दोन्ही टीम खेळल्या. पुढे २०१५ साली लोढा समितीने चेन्नई आणि राजस्थानला दोन वर्षांसाठी निलंबित केलं. तेव्हा सट्ट्याचा ठपका टीमच्या कारभाऱ्यांवर होता, धोनी आणि रहाणेवर नव्हता. ते दोघे पुण्याकडून खेळले. शिक्षा संस्थेला झाली, खेळाडूंना खेळायला दुसरी जागा मिळाली. तुमच्या लीगने नेमकं हेच केलेलं नाही, आणि तुझी तक्रार इथेच उभी राहते.

कोरियातलंही एक प्रकरण तुला माहीत असायला हवं. २०१९ साली लीग ऑफ लेजंड्सच्याच ग्रिफिन या टीमने कानावी नावाच्या कोवळ्या खेळाडूवर चीनमधल्या टीमशी लांब मुदतीचा करार करण्यासाठी दबाव आणल्याचं उघडकीस आलं. ते बाहेर काढणारा होता त्यांचाच माजी प्रशिक्षक. निकालात संस्थेला १० कोटी वॉन दंड झाला, आणि संचालकाबरोबर त्या प्रशिक्षकावरही बेमुदत बंदी आली. प्रशिक्षकावर खेळाडूंशी आक्रमक वागल्याचा ठपका होता, तो वेगळा विषय. पण तोंड उघडणाऱ्याला चोराच्याच ओळीत बसवलं, असं लोकांना वाटलं आणि एवढा गदारोळ झाला की त्याची शिक्षा स्थगित करावी लागली.

हे सांगायचं कारण तुझ्या मेसेजमध्येच आहे. मध्येच तू बोलून गेलास की दोन्ही टीमचा पगार एकाच नंबरवरून यूपीआयने यायचा, आणि त्या दुसऱ्या टीमची पोरं पुण्यात तुमच्याच फ्लॅटवर उतरायची. मग "आम्हाला काही माहीतच नव्हतं" हे वाक्य अर्जात लिहू नकोस. लीगकडे पगाराचा एक स्क्रीनशॉट जरी असला तरी तुझ्या बाकीच्या खऱ्या गोष्टीही खोट्या ठरतील. कागदोपत्री मालकी कोणाची ते आम्हाला कधी दाखवलं नाही, पैसे एकाच ठिकाणाहून येत होते हे खरं, ते विचारण्याच्या स्थितीत आम्ही नव्हतो, असं सरळ लिही. माहीत असणं आणि लपवण्यात सामील असणं यात फरक आहे. तोच तुला दाखवायचा आहे.

नियमाचं कलम नेमकं कोणतं मोडलं आणि त्यात खेळाडूंचा हात होता असं कशावरून ठरवलं, हे लेखी विचार. संस्थेवरच्या बंदीला हात लावू नकोस, ती लढाई मालकाची. चौघांची नोंदणी खुली करा, आणि बंदीच्या आधी खेळून मिळवलेल्या बक्षिसातला आमचा वाटा संस्थेच्या खात्यात न टाकता थेट आम्हाला द्या, एवढंच माग. इन्स्टावर लाइव्ह जाऊन लीगला चोर म्हणायची तुझी कल्पना मात्र बाजूला ठेव. टाळ्या मिळतील, नोंदणी मिळणार नाही.

आणि कराराचं. सही केलीस तेव्हा तुला अठरा पूर्ण नव्हती, नानांची सही नव्हतीच. अल्पवयीनाचा करार आपल्या कायद्यात मुळातच रद्दबातल असतो. तेव्हा "तू आमचा आहेस, दुसरीकडे गेलास तर दंड भर" अशी धमकी मालक देत असेल तर घाबरू नकोस. सज्ञान माणसालाही करार संपल्यावर दुसरीकडे काम करायला मनाई करणारी अट १८७२ च्या करार कायद्याच्या २७ व्या कलमापुढे सहसा टिकत नाही. पण अठरा पूर्ण झाल्यावर त्याने तुझ्याकडून आणखी कशावर सही घेतली आहे का, ते आठव. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली पीडीएफ, ओटीपी देऊन केलेली सही, काहीही. तिथे माझं उत्तर बदलू शकतं.

बँकेचं स्टेटमेंट, लीगचा ईमेल आणि तो करार घेऊन रविवारी सकाळी ये. नानांनाही आण. त्यांना अजून सांगितलं नसशील तर आज रात्रीच सांग. अर्जाचा मसुदा तू मराठीत कर, इंग्रजी मी बघतो. अपिलाची मुदत ईमेलच्या तळाशी बारीक अक्षरात असते, ती आत्ता उघडून पाहा आणि मला तारीख कळव.

तुझा,
वकीलकाका