वाडीची नळपाणी योजना वीज गेली की बंद पडते. सौरपंपाने प्रश्न सुटेल का?

बऱ्याच अंशी सुटेल, कारण खरी वीज लागते ती पाणी वर चढवायला: 1000 लिटर 100 मीटर उचलायला, पंपाची तूट धरून, साधारण 0.4 युनिट. पंप थांबला की नळ कोरडा, हे कोल्हापुरात 2019 च्या महापुरात उघड दिसलं. पंचगंगा शहरात शिरलेली, पण उपसा केंद्रं पाण्याखाली, आणि बायामाणसं घागरी घेऊन टँकरपुढे रांगेत. दुसरं नुकसान चटकन दिसत नाही. पंप थांबला की पाइपातला दाब उतरतो आणि गळक्या सांध्यांतून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. म्हणून नळ परत सुरू झाला की पहिलं पाणी सोडून द्या, पुढचं उकळूनच प्या. मात्र सौरपंप उन्हातच चालतो, तेव्हा उंचावर मोठी टाकी हवीच. वाडीच्या वर बारमाही झरा असेल तर पंपच नको, पाणी उताराने येतं.