आजीच्या डब्यातली मूठ

प्रिय बाय,

परवा फोनवर तू दोन गोष्टी विचारल्यास. आजी तांदूळ धुवायच्या आधी एक मूठ काढून वेगळ्या डब्यात का टाकते? आणि बाबा, तू इंग्लंडमधल्या स्विंडनच्या फूड बँकेत मदतीला जातोस, तिथे हाताला नोकरी असलेली माणसंही फुकटचं धान्य न्यायला कशी येतात? "नंतर सांगतो" म्हणालो, कारण एकाचं उत्तर दुसऱ्यात अडकलंय.

मूठ काढणं ही आपली जुनी रीत. आपल्या गोव्यात पणजी शहरातल्या मुष्टिफंड शाळेचं नावच त्यावरून पडलं. पोर्तुगीज अमलात मराठी शाळा चालावी म्हणून लोकांनी घराघरांतून मूठमूठ तांदूळ गोळा केले. मूठभर कमी झाले म्हणून कुणी उपाशी राहत नाही, पण महिन्याला दीडेक किलो सहज जमतात.

आता तुझ्या जन्माआधीचं सांगतो. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या. खाणीतला माल वाहायला मी हप्त्यावर ट्रक घेतला होता. अख्ख्या डिचोलीत ट्रक दारोदार उभे राहिले, हप्ते मात्र थांबले नाहीत. अंगात काम करायची ताकद होती, काम नव्हतं. घरातले उकडे तांदूळ संपत आले तरी मी कुणाजवळ बोललो नाही. एक दिवस आजीने तो डबा उघडला, त्यातल्या तांदळाची पेज केली आणि माझ्यापुढे ठेवली. पुढच्या आठवड्यात शेजारच्या वहिनी टोपली घेऊन आल्या. वर दोन तवशी, म्हणजे मोठ्या काकड्या, खाली तांदूळ. वाटेत कुणी पाहिलं तर तवशीच दिसावीत, म्हणून. त्या तांदळाचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही.

इथे आम्ही सामान सुपरमार्केटच्या साध्या पिशव्यांत भरतो, तेव्हा मला ती टोपली आठवते. पिशवी घेऊन जाणारा माणूस बाजार करून निघाल्यासारखा दिसतो.

फूड बँकेत पैसे नसतात गं, डबे आणि पाकिटं असतात. लोक दुकानाच्या दारातल्या पेटीत टाकतात, शाळा आणि चर्चमधून येतात. आम्ही तारीख बघून फळीवर लावतो. ज्याला गरज आहे त्याला डॉक्टर, शाळा किंवा सल्ला केंद्राकडून चिठ्ठी मिळते. घरात मोठी किती, मुलं किती, ते बघून साधारण ३ दिवसांचं सामान द्यायचं: पास्ता, तांदूळ, कडधान्याचे डबे, टिकाऊ दूध, चहा. त्याआधी विचारायचं, घरी शिजवता येतं का? वीज-गॅसच्या मीटरमध्ये पैसे भरलेले नसले तर नुसतं उकळतं पाणी ओतून होईल असं सामान काढतो. पहिल्यांदा हे ऐकलं त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

पगार असून हे का? भाडं आणि बिलं आधी जातात, उरेल त्यात जेवण. कित्येकांच्या करारात आठवड्याला किती तास काम मिळेल याची हमीच नसते. नोकरी सुटली तर सरकारी मदतीचा पहिला हप्ता हातात पडायला ५ आठवडे लागतात. ट्रसेल या संस्थेची पहिली फूड बँक २००० साली सॉल्झबरीत निघाली. २०२३-२४ या एका वर्षात त्यांच्या केंद्रांतून अशा सामानाचे ३१ लाखांवर संच गेले. एवढ्या श्रीमंत देशात!

म्हणून मला आपलं रेशन मोलाचं वाटतं. २०१३ च्या कायद्याने प्राधान्य कार्डावर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, तो हक्क आहे, कुणाचे उपकार नाहीत. फूड बँक लोकांच्या चांगुलपणावर चालते. फळ्या कधी भरलेल्या, कधी अर्ध्या रिकाम्या. तरी ती नसती तर त्या ३ दिवसांत मुलांनी काय खाल्लं असतं?

गेल्या शनिवारी वृद्धाश्रमात काम करणारी एक बाई आली, रात्रपाळी करून थेट. नावाचा बिल्ला तिने उलटा फिरवला होता. पिशवी बघितली आणि त्यातला चहाचा पुडा काढून टेबलावर ठेवला. म्हणाली, चहा आहे माझ्या घरी, दुसऱ्या कुणाला द्या.

मी तो पुडा परत फळीवर ठेवला आणि घरी येऊन तुला हे पत्र लिहायला बसलो. आजीला विचार, डबा कितपत भरलाय. कुणाच्या घरी जाणार ते मात्र विचारू नकोस, ती सांगणार नाही.

तुझा,
बाबा