बाजार भरलेला, मग बाळाचं वजन का भरत नाही?

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं. या वेळी बरीच पत्रं एकाच विषयावर आली, शहरातली गरिबी आणि लहान मुलांचं खाणं.

प्रश्न : ताई, कुपोषण म्हटलं की दुष्काळ आणि ओसाड शेतंच डोळ्यासमोर येतात. शहरात तर पावलापावलावर खायला मिळतं. आकडेवारीतही गरीब देशांतली शहरं खेड्यांपेक्षा बरी दिसतात. मग शहरातल्या कुपोषणाचा एवढा गाजावाजा कशाला?

आकडे खोटे नाहीत हो, पण ते सरासरीचे आहेत. सरासरी काढताना टॉवरमधलं मूल आणि नाल्याकाठच्या झोपडीतलं मूल एकाच तराजूत बसतं आणि मग सगळं ठीकठाक दिसतं. झोपडपट्ट्या वेगळ्या काढून बघितल्या की तिथल्या उंची खुंटलेल्या मुलांचं प्रमाण खेड्यांच्या जवळपास येतं, काही ठिकाणी तर खेड्याहून वाईट.

१९९६ ला रोममधे जागतिक अन्न परिषद झाली, तिथे अन्नसुरक्षेची जी व्याख्या ठरली त्यात अन्न बाजारात असणं पुरेसं धरलेलंच नाही, ते सगळ्यांना, कायम, पुरेसं आणि सुरक्षित मिळायला हवं असं म्हटलंय. शहरात मिळणं म्हणजे काय तर विकत घेता येणं. परसातली भाजी नाही, घरचं धान्य नाही, पाणीसुद्धा कित्येकदा विकतचं, आणि कमाई रोजची. एक दिवस काम नाही लागलं तर त्याच संध्याकाळी चुलीवर फरक दिसतो. २००७-०८ मधे जगभर धान्य महागलं तेव्हा हैतीच्या राजधानीत, पोर्तो-प्रिन्समधे, लोक रस्त्यावर आले आणि एप्रिल २००८ मधे पंतप्रधानांना खुर्ची सोडावी लागली. दुकानात धान्य होतंच की, लोकांना परवडत नव्हतं.

प्रश्न : ताई, मी सकाळी सातला कामाला निघते ते अंधार पडल्यावर येते. दहा महिन्यांचं बाळ मोठ्या मुलीजवळ असतं, ती नऊ वर्षांची आहे. ती म्हणते पोटभर खातो, पातळ पेज वाटीभर संपवतो. तरी वजन वाढत नाही. माझं काय चुकतंय?

पहिलं म्हणजे तुमचं चुकतंय हे डोक्यातून काढून टाका. सगळे जण आईलाच शहाणपण शिकवतात, आईला घरी यायला दोन तास लागतात त्याबद्दल कोणी बोलत नाही.

आता वाटीकडे बघू. बाळाचं पोट त्याच्या वजनाच्या हिशोबात असतं, किलोला साधारण ३० मिली धरा, म्हणजे आठ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी २४० मिली मावणार, एक मध्यम वाटी आणि वर थोडं. ती वाटी पाण्यासारख्या पेजेने भरली तर पोट भरलं, बाळ गप्प झालं, आणि अंगाला काहीच लागलं नाही. मुलीला एक साधी खूण सांगा : चमचा तिरका केला तर अन्न ओघळून जाता कामा नये. त्यात थोडं तेल, मऊ शिजवलेली डाळ किंवा अंडं, एखादी भाजी कुस्करून. नऊ महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत दिवसातून तीन ते चार वेळा खाणं आणि मधे एकदोनदा काहीतरी लागतं. सकाळचं शिजवलेलं दिवसभर उघड्यावर ठेवून तेच भरवू नका, त्यात जंतू वाढतात. अंगावर पाजत असाल तर रात्री आणि निघायच्या आधी पाजत राहा, दोन वर्षं आणि पुढेही चालतं. आणि एवढं करूनही पुढच्या महिन्यात वजन तिथेच असेल तर वाट न बघता दवाखान्यात दाखवा.

पण खरी अडचण नऊ वर्षांच्या मुलीवर बाळ टाकावं लागतं ही आहे ना, तिची स्वतःची शाळा जाते ते वेगळंच. घानाच्या आक्रा शहरात १९९० च्या दशकात अभ्यास झाला, त्यात असं दिसलं की गरीब आणि कमी शिकलेल्या आयांच्या घरातही बाळाला नीट भरवलं, वेळेवर लक्ष दिलं, तर वाढ बरीच सावरते. छानच आहे, पण लक्ष द्यायला माणूस हवं की नको? ग्वाटेमाला सिटीत १९९१ मधे सरकारने याच्यावर साधा उपाय काढला, वस्तीतल्याच एका बाईच्या घरी दहापर्यंत मुलं दिवसभर सांभाळायची आणि खाण्याचे पैसे सरकारने द्यायचे. पुढे तपासणी झाली तेव्हा त्या मुलांच्या खाण्यात लोह आणि अ जीवनसत्त्व जास्त जात असल्याचं दिसलं. मला विचाराल तर शहरातल्या कुपोषणावर पाळणाघर हे औषध आहे आणि ते कोणी औषध म्हणून लिहून देत नाही.

प्रश्न : चांगलं खाऊ घालूनही मूल सारखं हगवणीने आजारी. खाण्याचा काही उपयोग आहे का?

आहे, पण अर्धा वाया जातोय. गळक्या बादलीत पाणी भरण्यासारखं आहे ते. युनिसेफने १९९० मधे कुपोषणाची कारणं मांडली त्यात अन्न, सांभाळ आणि आरोग्य तिन्ही शेजारी शेजारी ठेवलीत. घाण पाण्यातले जंतू पोटात जात राहिले की आतड्याला सतत सूज राहते, वरून हगवण दिसली नाही तरी, आणि अन्न शोषलंच जात नाही. पिण्याचं पाणी उकळा, भरवायच्या आधी साबणाने हात धुवा. बाकी गटार आणि नळ हे घरच्या घरी होत नाही, त्याच्यासाठी पालिकेच्या दारात जावं लागतं.

प्रश्न : पालिकेने अन्नाचं काय करायचं? ते तर केंद्र सरकारचं काम.

असं सगळ्याच पालिका म्हणतात! ब्राझीलच्या बेलो ओरिझोंते शहराने १९९३ मधे अन्न हा नागरिकाचा हक्क मानला आणि पालिकेत वेगळं खातंच उघडलं. स्वस्त जेवणाची पालिकेची उपाहारगृहं काढली, तिथे कोणीही जेवू शकतं, गरिबीचा दाखला दाखवायला लागत नाही त्यामुळे लाज वाटत नाही. भाजी विकणाऱ्यांना मोक्याच्या जागा दिल्या, अट एकच, ठरावीक माल ठरलेल्या कमी भावात विकायचा. पेरूच्या लिमामधे उलटं झालं, तिथे आधी बायकाच एकत्र येऊन मोठ्या पातेल्यात वस्तीचं जेवण शिजवायला लागल्या. १९८४ मधे महापौरांनी मुलांसाठी रोज पेलाभर दुधाची योजना काढली तेव्हा बायकांनी मोर्चा काढून ती देशभर लागू करायला लावली आणि पुढच्याच वर्षी कायदा झाला. गच्चीवरची आणि मोकळ्या जागेवरची शेती कोणी विचारली होती, ती जरूर करा, भाजीला मदत होते, पण रस्त्याकडेच्या धुरातली आणि गटाराच्या पाण्यावरची नको, आणि त्याने घरातलं धान्य सुटेल अशी आशा धरू नका.

प्रश्न : आई चांगली जाड आहे आणि मूल मात्र बुटकं, हे एकाच घरात कसं?

सर्रास दिसतं. स्वस्त, तळलेलं, गोड खाऊन उष्मांक भरपूर मिळतात, पण प्रथिनं, लोह, जस्त मिळत नाही. मोठ्यांचं वजन वाढतं, मुलाची उंची अडते. एका वस्तीत वजनं घेत असताना दोन वर्षांचा एक मुलगा बिस्किटाचा पुडा घट्ट धरून काट्यावर चढला, पुडा काही केल्या सोडेना. शेवटी पुड्यासकट वजन केलं आणि तेवढाच दुसरा पुडा मोजून वजा केला. त्याची आई म्हणाली, हेच खातो हो, दुसरं शिजवायला वेळच नसतो.

प्रश्न : मूल खरंच कुपोषित आहे की नुसतं किडकिडीत, घरी कसं ओळखायचं?

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलासाठी दंडाची रंगीत फीत असते, आरोग्य कर्मचाऱ्याकडे मागा. डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मधे, हात सैल सोडलेला, फीत आवळायची नाही. १२.५ सेंटीमीटरच्या वर असेल तर हिरवं, ११.५ ते १२.५ मधे पिवळं, तेव्हा खाणं वाढवा आणि दाखवून घ्या. ११.५ च्या खाली लाल, किंवा दोन्ही पायांवर सूज असेल, तर त्याच दिवशी दवाखाना, उद्यावर टाकू नका. फितीवरून उंची खुंटलीय का ते मात्र कळत नाही, त्यासाठी उंची मोजून वयाच्या तक्त्यावर बघावी लागते, दोन वर्षांच्या आतलं मूल असेल तर झोपवून मोजतात.